एकतीस नंबरचा ओव्हरकोट

जर्मनीला दुसऱ्यांदा जायला कोंडीरामनं नकार दिला, तेव्हा आमच्या कंपनीतल्या निम्म्या लोकांनी त्याला वेड्यात काढलं आणि उरलेले निम्मे आपलं नाव पुढं सरकवता येतंय का ते बघायला लागले. साल एक्याऐंशी. दोन महिन्यांचं ट्रेनिंग, आणि परत आल्यावर सुपरवायझरची जागा. अशा वेळी माणसानं नाही म्हणावं, आणि तेही कारण न सांगता? मी तेव्हा पर्सोनेल खात्यात कारकून होतो. नकाराच्या फॉर्मवर कारणाचा रकाना होता, आणि रिकामा रकाना पाहिला की माझं डोकं फिरतं. म्हणून मी त्याला बोलावून घेतलं.

पण आधी त्याची पहिली खेप सांगायला हवी. ती पिंपरीत आमच्या लोकांना तोंडपाठ होती. कोंडीराम स्वतःच ती रंगवून सांगायचा आणि कँटीनमधली माणसं पोट धरून हसायची. मीही हसलो आहे, नऊ वर्षं हसलो.

या गोष्टीत माझा हात आहे, तो असा. पर्सोनेलमध्ये येण्याआधी मी कंपनीच्या गेटावर टाइम ऑफिसात होतो. प्रत्येक कामगाराला पितळेचा एक गोल बिल्ला असायचा, वर भोक आणि मध्ये ठोकलेला नंबर. आत शिरताना तो बिल्ला माझ्या खिडकीखालच्या लाकडी पेटीच्या फटीत टाकायचा. पेटीत बिल्ला पडला म्हणजे माणूस हजर. भोंगा वाजून तीन मिनिटं झाली की मी फट बंद करत असे, मग समोर माझा सख्खा भाऊ का उभा असेना, त्याचा अर्धा दिवस गेला. सुटताना खिडकीशी यायचं, नंबर सांगायचा, मी बिल्ला काढून हातात ठेवायचा. लोक माघारी मलाच भोंगा म्हणत. ते मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

कोंडीरामचा नंबर चारशे सतरा. दहा वर्षांत त्याचा बिल्ला एकदाही उशिरा पडला नाही. तो चाकणच्या पलीकडच्या एका खेड्यातला. वडील भिवा गावकीची कामं करायचे. छप्पन साली घरानं बौद्ध धम्म घेतला, बासष्ट साली कोंडीराम पिंपरीला आला, हेल्पर म्हणून लागला आणि पाच-सहा वर्षांत गिअर घासायच्या मशीनवर त्याचा असा हात बसला की मशीन बिघडायच्या आधी आवाजावरून सांगायचा. भित्रा तर मुळीच नव्हता. एकदा घासायचं चाक फुटून त्याचे तुकडे छतापर्यंत उडाले, शेजारचे तिघं पळाले. यानं शांतपणे हात लांब करून बटण बंद केलं आणि मग खाली बसला.

बहात्तर साली जर्मनीहून नवं मशीन येणार होतं. ते शिकायला एक इंजिनिअर आणि एक कामगार पाठवायचं ठरलं. इंजिनिअर यशवंतराव, आणि कामगार म्हणून त्यांनी कोंडीरामचं नाव दिलं. कामगाराला विलायतेला धाडायची ही पहिलीच वेळ. बरीच नाकं मुरडली गेली. एक फोरमन तर सगळ्यांदेखत म्हणाला की पाठवा, पण गळ्यात पत्त्याची पाटी बांधून पाठवा. जाण्याच्या आदल्या दिवशी कोंडीराम बिल्ला जमा करायला माझ्या खिडकीशी आला आणि हळूच म्हणाला की जिवाची भीती नाही, पण माझ्या हातून तिथं काही चुकलं तर पुन्हा कामगाराला कोणी पाठवणार नाही, आणि आमच्या वस्तीतल्याला तर नाहीच नाही. मी त्याला पोक्त सल्ला दिला. तिथंही नियम असतील, गेटावर जे सांगतील ते करायचं, म्हणजे काही चुकत नाही. हा माझा सल्ला.

पुण्याच्या जुन्या बाजारातून त्यानं एक काळा ओव्हरकोट घेतला होता, त्यात दोन कोंडीराम मावले असते. त्याच्या बायकोनं, प्रभावतीनं, आतल्या अंगाला एक खिसा शिवून त्याला बटण लावलं. पासपोर्ट, विमानाचं तिकीट आणि राहत्या घराच्या पत्त्याचा कागद, सगळं त्या खिशात. कोट अंगावर आहे तोवर कागद अंगावर आहेत, असा हिशेब.

सहा आठवडे काम चांगलं झालं. मशीनला भाषा लागत नाही. दक्षिण जर्मनीतलं ते लहानसं शहर, एका म्हाताऱ्या बाईच्या घरी दोघांना खोल्या दिलेल्या. शेवटचा रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाच्या गाडीनं निघून विमान गाठायचं होतं. यशवंतराव दुसऱ्या गावी मित्राला भेटायला गेले ते रात्री आठला येणार होते. जाताना बजावून गेले की शक्यतो बाहेर पडू नका. घरमालकीणही लेकीकडं गेली. दुपारी बारापर्यंत कोंडीराम खिडकीत बसून राहिला, पण पोटात आग पडली. घरात खायला काही नव्हतं आणि त्या बाईच्या स्वयंपाकघराला हात लावायचं धाडस त्याला होईना. शेवटी तो कोट चढवून बाहेर पडला.

रविवारी तिथं सगळा बाजार बंद असतो, हे त्याला कुठून ठाऊक असणार, रोज कारखान्याच्या गाडीतून ये-जा आणि आधीचे रविवार घरातच गेलेले. रस्त्यावर माणूस नाही. घरं धुतल्यासारखी, पडदे ओढलेले, आणि आपल्याच बुटांचा आवाज मागून कोणी येतंय असा वाटणारा. आमच्या पिंपरीत रस्ता रिकामा दिसला म्हणजे दंगल तरी असते नाहीतर बंद. कोंडीरामला तेच वाटलं. परत वळावं तर भूक, पुढं जावं तर रस्ता चुकायची धास्ती. त्याच्या पँटच्या खिशात खडू होता, कारखान्यातल्या लोकांच्या असतोच. त्यानं प्रत्येक वळणावर दिव्याच्या खांबाला बारीक बाण काढायला सुरुवात केली. चौथ्या खांबाशी मान वर केली तर समोरच्या खिडकीतून एक म्हातारा एकटक बघत होता. कोंडीरामची बोबडी वळली. परक्या मुलखात सरकारी खांब खराब केल्याबद्दल काय शिक्षा असते कोण जाणे. त्यानं खडू गटारात टाकला आणि झपाझप चालू लागला. पुढची दोन वळणं खुणेशिवायच गेली.

तिथं एक दुकान उघडं होतं. काचेआड केकचे थर, फळं बसवलेले, साय फासलेले. तो दारात उभा राहिला. किती वेळ उभा राहिला हे त्यालाही सांगता येत नसे. आतल्या पांढऱ्या एप्रनवाल्या बाईनं दार उघडलं, त्याला आत घेतलं आणि दुकानाच्या मधोमध एका टेबलाशी बसवलं. चारी बाजूंनी टोप्या घातलेल्या म्हाताऱ्या बायका. त्यानं बोट दाखवलं तो तुकडा आला, चिनीमातीच्या बशीत, आणि नाजूक कपात कॉफी. कोणी वळून बघितलं नाही. हा कोण, कुठला, कोणाचा, कोणी विचारलं नाही. दोन घास खाल्ले तर घशाला दारूचा वास. कोंडीराम पंचशील पाळणारा, थेंबाला शिवत नसे. केकमध्ये दारू घालतात हे ऐकून माहीत असतं तर एक वेळ ठीक. तो घाबरून गेला, की आता आपल्याला चढणार, आपण रस्त्यात पडणार, आणि उद्याची गाडी. त्यानं दुसरा तुकडा मागवला, सफरचंदाचा, तो साधा निघाला. मग तिसराही खाल्ला. पहिल्या तुकड्याचा उरलेला भाग बाईनं कागदात बांधून हातात दिला. नको म्हणायला शब्द नव्हते, म्हणून त्यानं तो कोटाच्या बाहेरच्या खिशात ठेवला.

पोट भरल्यावर माणूस शूर होतो. गावाच्या कडेला जुन्या राजवाड्याची बाग होती. कात्रीनं कापल्यासारखी झुडपं, पिवळी पानं पडलेली, कारंजी, बाकांवर माणसं. तास-दीड तास तो नुसता चालत राहिला. कोंडीराम म्हणायचा की त्या बागेत मी जसा चाललो तसा जन्मात चाललो नव्हतो, हात मागं बांधून, मधल्या रस्त्यानं. मग थंडी वाढली आणि समोर एक मोठं काचेचं घर दिसलं, आत हिरवंगार. लोक आत जात होते, तोही गेला.

आत उकाडा, म्हणून दाराशीच सगळ्यांचे कोट काढून घेत होते. तिथल्या बाईनं त्याच्या कोटाला हात घातला तेव्हा त्यानं तो घट्ट धरला. आत पासपोर्ट होता. बाईनं हसून त्याच्यापुढं एक वस्तू धरली. पितळेचा गोल बिल्ला, वर भोक, मध्ये ठोकलेला नंबर, एकतीस. कोंडीरामचा जीव भांड्यात पडला. दिवसभरात पहिल्यांदा त्याला कळणारी गोष्ट दिसली होती. त्यानं कोट दिला आणि बिल्ला घेतला. काचेच्या घराच्या आतल्या दाराला लाकडी पेटी होती, वर फट. पुढचा माणूस काहीतरी आत टाकून गेला, खण्ण आवाज झाला. कोंडीरामनंही बिल्ला त्या फटीत टाकला आणि हजेरी लावून आत गेला.

ती झाडांच्या देखभालीसाठी ठेवलेली दानपेटी होती. कोणी चुकवलं असेल तर मी चुकवलं.

आत त्यानं केळ पाहिली, हळद पाहिली, आणि अळूच्या कुंडीपुढं तर थांबूनच राहिला. आमच्याकडं मोरीच्या पाण्यावर वाढणारा अळू तिथं नावाची पाटी लावून शेगडीपाशी ठेवला होता. सहा वाजायच्या सुमाराला घंटा झाली. लोक बाहेर निघाले, बिल्ला देऊन कोट घेऊन गेले. कोंडीराम कोट ठेवणाऱ्या बाईच्या खिडकीशी गेला आणि सवयीप्रमाणं नंबर सांगितला. मशीनवरचे आकडे शिकता शिकता जर्मन आकडे त्याला पाठ झाले होते. बाईनं हात पुढं केला. त्यानं पुन्हा नंबर सांगितला. बाईचा हात तसाच. त्यानं पेटीकडं बोट दाखवलं, तेव्हा तिचा चेहराच बदलला. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरात सोमवारवर बोट ठेवलं आणि घड्याळात दहावर. पेटीची किल्ली ज्याच्याकडं तो माणूस उद्या दहाला येणार होता.

सगळे कोट गेले होते. शंभर खुंट्या रिकाम्या, आणि एकतीस नंबरवर त्याचा तो काळा ढगळ कोट एकटा लटकत होता. आणखी कोणाचा असणार? तरी ती देईना. लोक इथं त्या बाईला शिव्या द्यायचे. मी कधी दिली नाही, कारण मीही दिला नसता. मी तशी माणसं परत पाठवली आहेत.

कोंडीराम शर्टावर उभा होता. पासपोर्ट समोर दिसत होता, दहा हातांवर, आणि त्याला तो घेता येत नव्हता. पत्त्याचा कागदही त्यातच, घराची गल्ली त्याला तोंडानं सांगता येत नव्हती. उद्या सहाला गाडी. यशवंतराव आठला येऊन खोली रिकामी बघतील, मग काय करतील, थांबतील की जातील? गाडी चुकली तर विमान चुकेल, कंपनीत तार जाईल, आणि तो फोरमन म्हणेल, मी सांगितलं होतं. झडप घालून कोट ओढावा असं एकदा मनात आलं, पण मग चोरीच झाली. बाईनं त्याला खुर्चीवर बसवलं आणि फोन उचलला. त्या बोलण्यातला एकच शब्द त्याला कळला, पोलीस.

पाऊण तास तो त्या खुर्चीवर बसला होता. बाहेर बागेतले दिवे लागले. बाई एकेक खोली बंद करत होती. प्रत्येक कुलपाचा आवाज त्याच्या छातीत व्हायचा.

इथून पुढं कँटीनमधली गोष्ट अशी व्हायची. हिरव्या गणवेशातला धिप्पाड पोलीस आला. सगळं ऐकून घेतलं, कोटाजवळ गेला आणि खिसे तपासायला बाहेरच्या खिशात हात घातला, तो मनगटापर्यंत सायीनं माखून बाहेर आला. लोक लोटपोट. मग त्यानं हात पुसला, आतलं बटण काढलं, पासपोर्टातला फोटो आणि समोरचा माणूस ताडून बघितला, कोट त्याच्या अंगावर चढवला आणि कागदावरचा पत्ता वाचून मोटारीनं घरापाशी सोडलं. आठाला दहा मिनिटं कमी असताना. यशवंतरावांना विमानात बसेपर्यंत काही कळलं नाही. मशीन आलं, कोंडीरामनं ते लावलं, आणि त्याच्यानंतर कंपनीनं आणखी चार कामगार पाठवले. म्हणजे ज्याची धास्ती होती ते काहीच घडलं नाही.

म्हणून एक्याऐंशी साली मी त्याला समोर बसवून जरा चढ्या आवाजातच विचारलं की आता कसली अडचण आहे. रस्ता माहीत, भाषा थोडी माहीत, दानपेटी तर चांगलीच माहीत. तो हसला नाही. म्हणाला घरगुती कारण लिहा. मी म्हणालो की खोटं कारण मी लिहीत नाही. तो उठून दार लोटून आला.

"भाऊसाहेब, पोलीस आला तवाची एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली न्हाई," तो म्हणाला. "प्रभावतीला बी न्हाई."

मी पेन खाली ठेवलं.

सकाळपासून त्याला वाटत होतं, तो म्हणाला, की या गावात आपल्याला कोणी ओळखत नाही हे किती बरं आहे. केकच्या दुकानात मधोमध बसलो, बागेत मधून चाललो. पण कोट गेला, बिल्ला गेला, अंधार पडायला लागला, तेव्हा तीच गोष्ट उलटी झाली. कोणी ओळखत नाही, म्हणजे आपण कोण हे सांगायला जगात कोणी नाही. भीतीनं डोकं रिकामं झालं. आणि मग दार उघडून तो गणवेश आत आला.

"त्यानं मला नाव इचारलं. तेवढं कळत हुतं मला. मी खुर्चीवरनं उठलो. नाव सांगायचं, तर नाव आठवंना. आन् मी वाकलो, भाऊसाहेब. पार खाली वाकून भुईला हात लावला, कपाळाला लावला, आन् तोंडातनं आलं, जोहार मायबाप."

तो शब्द मी लहानपणानंतर ऐकला नव्हता.

"माझ्या तोंडातनं त्यो शब्द जन्मात कवा निघाला नव्हता," तो म्हणाला. "आमचा बाप घालायचा जोहार, वाटंवर बाजूला हून. आईनं आमाला कधी घालू दिला न्हाई. धम्म घेतला तवा बापानं बी सोडला. मी म्हनत हुतो, गेला त्यो शब्द. तर त्यो आतच बसून राहिला हुता. पुन्यांदा कुठं तशी येळ आली तर पुन्यांदा त्योच निघंल. पासपोर्ट हरवायचं भ्या न्हाई मला. ह्याचं भ्या हाय. मी न्हाई जानार."

मी त्याला समजवायला गेलो. तिथं कोणाला कळलं, त्यांना तो नमस्कारच वाटला असणार, वगैरे. कोंडीराम ऐकून घेत होता. मग त्यानं माझ्याकडं सरळ बघितलं. माझे आजोबा गावचे पाटील होते हे त्याला माहीत होतं.

"तुमच्या दारात कुणी जोहार घातला, तर तुमच्यात काय म्हनत उलटून?"

आजोबा ओट्यावर बसलेले मला दिसले. पान लावत असायचे. समोरचा माणूस वाकायचा, शब्द म्हणायचा आणि तसाच उभा राहायचा. आजोबांची मान वर झालेली मी पाहिली नाही.

"काही म्हणत नसत," मी म्हणालो.

कोंडीरामनं मान हलवली, जणू त्याला उत्तर ठाऊकच होतं.

"त्यो पोलीस म्हनला," तो म्हणाला. "त्याला वाटलं, ह्यांच्यात असंच भेटत्यात. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, काखंत धरली, आन् माझ्यावानी खाली वाकून, भुईला हात लावून, मला जोहार घातला."